दाढ काढायला गेलेला दिग्दर्शक

विषय : श्री. ओटिस प्रूएट, निवृत्त चित्रपट-दिग्दर्शक, यांचे नाव त्यांच्याच सर्वांत गाजलेल्या चित्रपटाच्या शेवटच्या प्रसंगापुरते कमी करून तेथे मिस हेझल ट्रॉट यांचे नाव घालण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा स्वतःचा अर्ज, व त्यावर झालेली चर्चा, जी अर्जापेक्षा बरीच लांब आहे.

उपरोक्त विषयाबाबत सादर करण्यात येते की, कारकुनाकडे किस्से साठतात ते त्याला हौस असते म्हणून नाही. साहेब अर्ज वाचत नाहीत आणि अर्जदाराला साहेब भेटत नाहीत. मधे उरतो तो टेबलासमोरच्या खुर्चीचा मालक. माणसं त्या खुर्चीवर बसतात, काम होत नाही हे त्यांच्या लक्षात येतं, आणि मग उठून जाण्याऐवजी ती बोलायला लागतात.

मुंबईत मी सरकारी कचेरीत होतो. बायको नर्स म्हणून लॉस एंजेलिसला आली आणि तिच्यामागून मी आलो, सामानासारखा. इथे सिनेमावाल्यांच्या एका संस्थेत चिकटलो. संस्थेचं नाव सांगत नाही, पेन्शन अजून तिथूनच येते. सिनेमाच्या सुरुवातीला जी नावं पडद्यावर येतात त्यांच्यात कोणाचं नाव आधी, कोणाचं नंतर, कोणाचं केवढ्या अक्षरात, याचे तंटे नोंदवून वर पाठवणं हे माझं काम. मी हॉलिवूडमध्ये आहे म्हटल्यावर इथल्या मराठी मंडळातली माणसं मला बाजूला घेऊन नट्यांबद्दल विचारायची. मी नट्या पाहिल्या त्या फाइलीत, आणि सगळ्या कोणावर तरी चिडलेल्या.

* * *

प्रूएट साहेब आले तेव्हा ऐंशीच्या पुढचे होते. उंच, वाकलेले, डोक्यावर हॅट. अर्ज द्यायचाय म्हणाले. मी सवयीने ‘नाव वगळल्याबद्दल तक्रार’ हा फॉर्म पुढे केला. त्यांनी तो वाचला आणि परत दिला.

“माझं नाव आहे,” ते म्हणाले. “तीच तक्रार आहे.”

त्यांच्या त्या जुन्या सिनेमाची आता व्हिडिओ कॅसेट निघणार होती. स्टुडिओ नावांची पाटी नव्याने करत होता. थिएटरातलं लोक विसरतात, पण कॅसेट घरोघरी जाऊन बसणार, म्हणून त्याआधी खरं काय ते लागलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

त्या सिनेमाचा शेवट ज्याने पाहिला नाही त्याच्यासाठी सांगतो. धक्क्यावरून बोट सुटते. बोटीत तो, धक्क्यावर ती. बोट लांब जाते. ती रडत नाही, हात हलवत नाही. बोट दिसेनाशी होते तेव्हा ती खाली वाकते, पायातला बूट काढते, उलटा करून झटकते, त्यातून एक खडा पडतो. बूट परत घालते आणि चालायला लागते. संपलं. या खड्यावर अमेरिकेत जेवढं लिहिलं गेलंय तेवढं काही राष्ट्राध्यक्षांवरही लिहिलेलं नाही.

“तो सीन मी घेतलाच नाही,” प्रूएट साहेब म्हणाले. “मी दाढ काढायला गेलो होतो.”

* * *

आमच्या साहेब म्हणजे मिसेस डनलप, अर्ज वाचणाऱ्या दुर्मिळ साहेब. त्यांचा नियमांवर जितका विश्वास होता तितका आमच्याकडे कोणाचा देवावरही नसेल. त्यांनी अर्ज वाचला आणि पूर्वीचं असं एखादं प्रकरण शोधायला सांगितलं.

मी शोधलं. पडलेल्या सिनेमावरून आपलं नाव काढा म्हणणारे पुष्कळ निघाले. त्यांच्यात दोघे तर असे, की त्यांचं नाव मुळात नव्हतंच, केवळ संशय येऊ नये म्हणून आगाऊ अर्ज केलेला. पण गाजलेल्या सिनेमावरून नाव काढा म्हणणारा एकही नाही.

“मग पुरावा लागेल,” मिसेस डनलप म्हणाल्या. “त्या दिवशी ते हजर नव्हते याचा.”

डेंटिस्ट केव्हाच वारलेला. प्रूएट साहेबांनी क्षणभर विचार केला, हॅट काढून टेबलावर ठेवली आणि मिसेस डनलपसमोर तोंड उघडलं. उजवीकडे, खाली, मागे. बोटाने ओठ बाजूला ओढून नीट दाखवलं.

मिसेस डनलपनी चष्मा लावून आत पाहिलं. अगदी प्रामाणिकपणे पाहिलं. मग चष्मा काढला.

“दाढ नाही हे दिसतंय. पण या खड्ड्यावर तारीख नाही.”

अर्ज ‘इतर’ या सदरात दाखल झाला.

* * *

‘इतर’मधला अर्ज म्हणजे वर्षानुवर्षांचा पाहुणा. प्रूएट साहेब चौकशीला येऊ लागले, आणि खुर्चीवर बसून त्यांनी आपलं आयुष्य मला हप्त्याहप्त्याने सांगून टाकलं.

ते मूळचे घोडेवाले. मूकपटांच्या काळात शूटिंगसाठी घोडे घेऊन हॉलिवूडला आले. एकदा लढाईचं दृश्य होतं. मैदान मोठं, वारा उलटा, आणि डायरेक्टरचा आवाज बसलेला. घोड्यांवर ओरडून ओरडून प्रूएट साहेबांचा आवाज कमावलेला. डायरेक्टर कानात सांगायचा आणि हे मैदानभर ओरडायचे. संध्याकाळपर्यंत सगळे नट यांच्याचकडे बघायला लागले. पुढच्या सिनेमाला स्टुडिओच्या मालकाने कानात सांगणारा माणूस कमी केला.

“म्हणजे तुम्ही आवाजावर डायरेक्टर झालात,” मी म्हटलं.

“हो. आणि मग बोलपट आला आणि माझं बोलणं बंद झालं.” मायक्रोफोनमुळे सेटवर गप्प बसायची सक्ती झाली. त्या वर्षी आपण पहिल्यांदा नटांचा अभिनय पाहिला, असं त्यांनी कबूल केलं. आधी वेळच मिळत नसे.

* * *

दुसरा किस्सा कुत्र्याचा.

युद्धावरचा सिनेमा होता. शेवटी खंदकातले सगळे मरतात. निर्मात्याने पाहिला, त्याला झोप लागेना. प्रेक्षक घरी रडत जाणार, परत येणार नाहीत. त्याने प्रूएट साहेबांना बोलावून सांगितलं की निदान कुत्रा तरी वाचला पाहिजे.

साहेब म्हणाले, सिनेमात कुत्रा नाहीये.

“मग घाला,” निर्माता म्हणाला.

सिनेमा पुरा झालेला, नट घरी गेलेले. शेवटी सगळीकडे प्रेतं आणि मधून एक कुत्रा शेपूट हलवत येतो, असा तुकडा जोडला. सिनेमा तुफान चालला. समीक्षकांनी कुत्र्यात मानवतेची आशा पाहिली. प्रेक्षकांची सगळ्यांत जास्त पत्रं कुत्र्याला आली, आणि स्टुडिओने त्याच्याशी जो करार केला तो प्रूएट साहेबांच्या करारापेक्षा लांब मुदतीचा होता.

“राग नाही आला?” मी विचारलं.

“त्याच्यावर कशाला? तो वेळेवर यायचा.”

* * *

खड्याकडे वळतो.

एका विद्यापीठात सिनेमाच्या अभ्यासकांचं चर्चासत्र होतं. प्रूएट साहेबांना मानाने नेलं. मला त्यांनी बरोबर घेतलं, अर्जाला साक्षीदार मिळाला तर बरं म्हणून. एका प्रोफेसरांनी तासभर सांगितलं की खडा म्हणजे भूतकाळ, बूट म्हणजे विवाहसंस्था, आणि बाईंनी बूट परत घातला यातच दिग्दर्शकाची शोकात्म दृष्टी आहे. समोर विद्यार्थी लिहून घेत होते.

नंतर प्रूएट साहेबांना बोलायला सांगितलं. ते उठले आणि सरळ म्हणाले की खडा म्हणजे खडा. धक्क्यावर खडी होती, ती बुटात गेली. आणि मी तिथे नव्हतो, मी दाढ काढायला गेलो होतो.

सभागृह हसून लोटपोट. टाळ्या थांबेनात. प्रोफेसर सद्गदित होऊन म्हणाले की महान कलावंत आपल्या कृतीपासून असा अलिप्त होतो. पुढच्या वर्षी त्यांचा नवा निबंध आला. विषय होता दिग्दर्शकाची अनुपस्थिती. त्यात दाढ होती. दाढ म्हणजे मृत्यू.

परतताना गाडीत साहेबांनी खरं काय झालं ते सांगितलं. हेझल त्यांच्या युनिटमध्ये कंटिन्युइटीचं काम करायची. म्हणजे मागच्या शॉटमध्ये ग्लास कोणत्या हातात होता, केस कोणत्या बाजूला होते, हे टिपून ठेवायचं. त्या दिवशी साहेबांचा गाल सुजलेला, असिस्टंट त्यांना गाडीतून डेंटिस्टकडे घेऊन गेला. बोट भाड्याची, धुकं अगदी हवं तसं, आणि परत मिळेल याची खात्री नाही. हेझलने कॅमेरा सुरू करायला सांगितला. बोट गेली. सगळ्यांना वाटलं झालं. नटीलाही वाटलं, म्हणून ती वाकली आणि तिने बूट काढला. हेझलने ‘कट’ म्हटलं नाही.

“मी असतो तर म्हटलं असतं,” प्रूएट साहेब म्हणाले. “बोट गेली, सीन संपला, कट. मी आयुष्यभर तसंच केलं. म्हणून तो सीन माझा नाही. माझं नाव त्यावर असताना मला मरायचं नाहीये, के.”

सगळे मला ‘के’ म्हणत. करमरकर हे नाव त्यांना एका श्वासात जमत नसे.

* * *

युनिटमधले बाकीचे आता हयात नव्हते, आणि हेझलची साक्ष तिच्याच फायद्याची. साक्षीदार म्हणून मग एकच माणूस उरला. ती नटी. ती ॲरिझोनात राहत होती, मोठ्या बंगल्यात, आठवणी सांगत. प्रूएट साहेबांच्या सांगण्यावरून आणि मिसेस डनलपच्या परवानगीने मी तिला रीतसर विचारणा केली की सदर दिवशी श्री. प्रूएट धक्क्यावर हजर होते काय.

तिचं शपथेवरचं निवेदन आलं. मजकूर असा, की ओटिस सकाळपासून तिच्याजवळ बसून होता. त्याने तिला तिच्या लहानपणाबद्दल विचारलं, तिला रडवलं, आणि मग तिच्यासमोर गुडघे टेकून, स्वतःच्या हाताने, तो खडा तिच्या बुटात ठेवला.

प्रूएट साहेबांनी निवेदन दोनदा वाचलं.

“ही प्रत्येक मुलाखतीत थोडं थोडं वाढवत गेली,” ते म्हणाले. “आता तिला दिसतं मी खडा ठेवताना. फार चांगली नटी आहे.”

मिसेस डनलपनी निवेदन अर्जाला जोडलं. अर्जदाराने स्वतःच्या विरुद्ध इतका भक्कम पुरावा स्वतःच मागवल्याचं त्यांच्या नोकरीतलं हे पहिलं उदाहरण होतं.

* * *

एवढं होऊनही एक मार्ग होता. जिच्या नावे सीन करायचा त्या व्यक्तीची संमती फॉर्मवर आली, तर नियमाप्रमाणे प्रकरण समितीपुढे ठेवावंच लागतं. म्हणजे मिस हेझल ट्रॉट यांची सही.

मी साहेबांबरोबर त्यांच्याकडे गेलो. दोन खोल्यांचं अपार्टमेंट, दोन सिगारेटी एकाच वेळी पेटलेल्या, आणि समोर पत्ते मांडलेले. बाई वयाने साहेबांपेक्षा थोड्या लहान, आणि पत्त्यांत उघडउघड लबाडी करणाऱ्या. साहेब दर आठवड्याला येऊन हरत.

साहेबांनी फॉर्म पुढे ठेवला. बाईंनी त्यावर चहाचा कप ठेवला.

पहिल्या खेपेला त्या म्हणाल्या, माझ्या नावाचं स्पेलिंग चुकवतील. दुसऱ्या खेपेला म्हणाल्या, विद्यार्थी घरी येऊन खड्याबद्दल विचारतील. तिसऱ्या खेपेला साहेब चिडले. हॅट आपटून म्हणाले की तुझा हक्क आहे आणि तू तो घेत नाहीस, म्हणजे मला चोर म्हणून मरायला लावतेस.

बाईंनी पत्ते खाली ठेवले.

“ओटिस, आत्ता मी कंटिन्युइटीवाली आहे. भरपूर काम केलेली, चांगली. उद्या माझं नाव तिथे लागलं की मी एका सीनची डायरेक्टर होणार. मग सगळे एकच विचारतील. पुढे काय केलंस?” त्यांनी सिगारेट झटकली. “आत्ता मला कोणी विचारत नाही.”

पत्ते पिसायची पाळी साहेबांची होती, त्यांनी पिसले. त्या दिवशी बाईंनी लबाडी केली नाही, तरी साहेब हरलेच.

* * *

आता आपल्या माणसांकडे येऊ.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष डॉ. सबनीस. हृदयरोगतज्ज्ञ. गणेशोत्सवाला प्रमुख पाहुणा म्हणून त्यांना कोणीतरी हॉलिवूडचा हवा होता. “काका, तुमचे ते डायरेक्टर फ्री आहेत का?” त्यांनी मला विचारलं. प्रूएट साहेब फ्री होतेच. मिस हेझलही आल्या पाहिजेत, आणि सिनेमाचं शेवटचं रीळ दाखवलं पाहिजे, अशा त्यांच्या अटी. डॉक्टरांना त्या परवडल्या.

भाड्याने घेतलेला शाळेचा हॉल. आधी मंडळाचं नाटक. तीन इंजिनियर आणि एक भूलतज्ज्ञ. साहेब शेवटपर्यंत ताठ बसून पाहत होते. नंतर डॉक्टरांनी मोठ्या अपेक्षेने अभिप्राय विचारला.

साहेब म्हणाले, “पडदा ओढणारा उत्तम आहे. फक्त त्यालाच ठाऊक होतं कधी थांबायचं.”

मग सत्कार. शाल, श्रीफळ, आणि डॉक्टरांचं भाषण, ज्यात प्रमुख पाहुण्यांपेक्षा मंडळाची नवी कार्यकारिणी जास्त होती. रीळ दाखवलं. बोट गेली, खडा पडला. दिवे लागले. प्रूएट साहेबांनी खांद्यावरची शाल काढली, मिस हेझलच्या खांद्यावर घातली, आणि माइकवर सांगितलं की हे या बाईंचं काम आहे, त्या दिवशी मी डेंटिस्टच्या खुर्चीत होतो.

टाळ्यांचा कडकडाट. डॉक्टरांनी माइक घेऊन मराठीत सांगितलं की बघा, एवढा मोठा माणूस, पण श्रेय सहकाऱ्याला देतो, आपल्या मंडळातले काही लोक यातून शिकतील अशी आशा. हे म्हणताना त्यांनी खजिनदारांकडे पाहिलं. मग फोटोसाठी शाल परत साहेबांच्या खांद्यावर आली.

डॉक्टर काय म्हणाले ते साहेबांनी मला विचारलं. मी सांगितलं.

“डॉक्टर आहे ना हा? मग दाढेवर विश्वास ठेवायला काय हरकत होती?”

“ते हार्टचे आहेत,” मी म्हटलं.

तिकडे स्वयंपाकघरात वेगळाच पेच पडला होता. पाहुण्या बाईंची ओटी भरायची, पण त्या ‘मिस’. सवाष्णीची भरतात, मिसची चालते का? एका काकूंचं मत पडलं, नुसतं हळदीकुंकू लावू. दुसऱ्या म्हणाल्या, पुण्याला फोन करून विचारू. पुण्यात तेव्हा पहाट होती.

माझ्या बायकोने तांदळाचं ताट उचललं. “मी हॉस्पिटलात मिस का मिसेस विचारून इंजेक्शन देत नाही,” ती म्हणाली, आणि बाईंसमोर जाऊन त्यांच्या झग्याच्या ओच्यात तांदूळ, खण आणि नारळ घातला.

मिस हेझलनी संशयाने नारळाकडे पाहिलं. “हे त्या सीनबद्दल आहे का?”

“कुठला सीन?” बायको म्हणाली. “मी आत पुऱ्या तळत होते.”

बाई मोठ्याने हसल्या. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. घरी जाताना गाडीत त्यांनी नारळ मांडीवर धरून ठेवला होता. साहेबांनी हात पुढे केला, पण तो त्यांनी दिला नाही.

* * *

त्यानंतरच्या सोमवारी मिस हेझल आमच्या ऑफिसात आल्या. हातात नारळ. हा उघडतात कसा, असं त्यांनी मला विचारलं. मी पार्किंगच्या कठड्यावर फोडला. सिक्युरिटीवाला धावत आला, त्यालाही तुकडा दिला. बाईंनी सेक्शनभर खोबरं वाटलं. मिसेस डनलपनी हे भेटवस्तूत मोडत नाही याची खात्री केली आणि मग खाल्लं.

प्रूएट साहेब नेहमीप्रमाणे माझ्या समोरच्या खुर्चीवर होते. बाईंनी त्यांच्याकडे न बघता मला विचारलं, “तो कागद कुठाय?”

मी फॉर्म काढला. त्यांनी तो उभ्यानेच वाचला, वरपासून खालपर्यंत. मग अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढली आणि सही केली. स्पष्ट, पूर्ण नावाची.

मिसेस डनलपनी लगेच पेन पुढे केलं. सही शाईतच पाहिजे, पेन्सिलची चालत नाही.

“मी कायम पेन्सिलनेच लिहिते,” बाई म्हणाल्या. “शेवटचा टेक कुठला ते ठरेपर्यंत. आणि ओटिस अजून इथे आहे.”

पेन त्यांनी घेतलं नाही. साहेबांच्या खांद्यावर एक टपली मारली आणि गेल्या.

प्रूएट साहेबांनी फॉर्म माझ्याकडून मागून घेतला. पेन्सिल समोरून नीट दिसत नाही, म्हणून खिडकीशी जाऊन कागद तिरपा धरला, आणि दिसल्यावरही बराच वेळ तसाच धरून उभे राहिले. मग कागद टेबलावर ठेवला, हॅट घातली आणि गेले.

पुढील घडामोडी अशा. कॅसेट निघाली, पाटीवर एकट्या श्री. प्रूएट यांचे नाव आहे. श्री. प्रूएट त्या हिवाळ्यात वारले. सही पेन्सिलची असल्याने अर्ज मान्य करता येत नाही, आणि सही असल्याने संमतीअभावी फेटाळता येत नाही, असा शेरा मिसेस डनलप यांनी मारला. मिस ट्रॉट यांनी समक्ष येऊन शाईने सही करावी असे त्यांना कळवण्यात आले. पुन्हा एकदा कळवण्यात आले. उत्तर प्राप्त झालेले नाही. अस्मादिक सेवानिवृत्त झाले त्या दिवशी अर्ज प्रलंबित होता, व आजही प्रलंबित आहे.